सेंट लुइस, फोर्ट नॉक्स, आर्लिंग्टन: राहिलेली लष्करी पदके नोंदीत आणणाऱ्या अमेरिकन सेवेचे परीक्षण

अमेरिकेच्या सैन्यदलातून मुक्त होणाऱ्या प्रत्येकाला एक कागद मिळतो. त्याला डीडी-214 म्हणतात आणि 1950 पासून तो याच नावाने ओळखला जातो. सेवा कधी सुरू झाली, मुक्तता कधी आणि कोणत्या शेऱ्यासह झाली, परदेशात किती काळ गेला, कोणते प्रशिक्षण झाले आणि कोणती पदके मिळाली, हे सारे त्या एका कागदावर असते. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याला जे स्थान आहे, तेच तिथल्या माजी सैनिकाच्या आयुष्यात या कागदाला आहे, आणि त्यावर जे नोंदलेले नाही ते सरकारच्या लेखी घडलेलेच नसते. हा कागद चुकीचा किंवा अपुरा असेल, विशेषतः त्यात पदके राहून गेली असतील, तर ती नोंद दुरुस्त करून देण्याची जी सरकारी व्यवस्था आहे, तिचे हे परीक्षण आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथल्या कुटुंबांशी सोयरीक जुळलेल्या मराठी घरांची संख्या आता थोडी नाही. आजेसासरे कोरियात होते किंवा सासरे व्हिएतनाममध्ये होते, असे सांगणारी माणसे आमच्या मराठी मंडळातही भेटतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांना ही व्यवस्था अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते.

माझा या सेवेशी संबंध आला तो जावई म्हणून. माझे सासरे सक्तीच्या भरतीतून लष्करात गेले आणि ऑगस्ट 1968 ते ऑगस्ट 1969 हे वर्ष त्यांनी व्हिएतनाममध्ये पायदळाच्या एका बटालियनमध्ये काढले. परत आल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या एका केंद्रात एका दिवसात त्यांची सेवामुक्ती उरकली गेली. हजारो मुले घरी जाण्याच्या घाईत रांगेत उभी, टंकलेखन करणाऱ्या कारकुनासमोर कागदांचा ढीग, आणि युद्धक्षेत्रातले आदेश अनेकदा माणसाच्या मागून काही महिन्यांनी पोहोचणारे. अशा स्थितीत पदकांचा रकाना अर्धवट भरला गेला यात नवल नाही. सासऱ्यांच्या डीडी-214 वर राष्ट्रीय संरक्षण सेवा पदक, व्हिएतनाम सेवा पदक, व्हिएतनाम मोहीम पदक आणि प्रत्यक्ष लढलेल्या पायदळ सैनिकाला मिळणारा कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज एवढेच होते. फेब्रुवारी 1969 मध्ये ते जखमी झाले होते आणि त्या जखमेचा त्या कागदावर कुठेही उल्लेख नव्हता.

या सेवेबद्दल पहिली गोष्ट समजून घ्यावी लागते ती अशी, की ती एका कार्यालयाची सेवा नाही. मिझुरी राज्यातील सेंट लुइस येथे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अखत्यारीतील नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर आहे, जिथे मुक्त झालेल्या सैनिकांच्या फायली असतात. केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे लष्कराच्या मनुष्यबळ विभागाची पदकशाखा आहे. आणि व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे लष्करी नोंदींच्या दुरुस्तीचे मंडळ आहे. शिवाय पदके प्रत्यक्षात टपालाने येतात ती फिलाडेल्फियाहून. ही मांडणी लष्कराची आहे. नौदल आणि मरीन यांचे दुरुस्ती मंडळ वेगळे, हवाई दलाचे वेगळे आणि तटरक्षक दलाचे तर गृहसुरक्षा खात्याखाली. माझा अनुभव लष्कराचा असल्याने पुढचे सारे त्याबद्दल आहे.

या तीन दारांपैकी कोणते ठोठवायचे, हे राहिलेले पदक कोणत्या जातीचे आहे यावर ठरते, आणि माझ्या मते या सेवेचा अनुभव चांगला येणार की वाईट, हेही तिथेच ठरते. बहुतेक माणसे इथेच चुकीच्या रांगेत उभी राहतात. काही पदके शिफारशीने मिळतात, तर काही निव्वळ नियमाने. अमुक काळात अमुक ठिकाणी होता, एवढे सिद्ध झाले की ते पदक त्याचेच. कोणाची शिफारस लागत नाही की कोणाची मर्जी लागत नाही. व्हिएतनाम सेवा पदकाच्या फितीवर लावायचे छोटे ब्राँझ तारे हे याचे उत्तम उदाहरण आहे. लष्कराने त्या युद्धाचे सतरा मोहिमांमध्ये विभाजन केले आहे आणि ज्या ज्या मोहिमेत सैनिकाने भाग घेतला तिच्यासाठी एक तारा मिळतो. सासऱ्यांच्या तारखा घेतल्या तर 1 जुलै ते 1 नोव्हेंबर 1968 ची एक मोहीम, तिथून 22 फेब्रुवारी 1969 पर्यंतची दुसरी, 23 फेब्रुवारी ते 8 जूनची तिसरी आणि 9 जून ते 31 ऑक्टोबरची चौथी, असे चार तारे सरळ हिशेबाने निघतात. कागदावर एकही नव्हता.

दुसरे उदाहरण तुकडीच्या सन्मानाचे. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने अमेरिकन तुकड्यांना दिलेला गॅलंट्री क्रॉस हा सामूहिक सन्मान 1974 च्या एका सर्वसाधारण आदेशाने त्या देशातील अमेरिकन लष्कराच्या साऱ्या तुकड्यांना लागू करण्यात आला. म्हणजे 1969 साली मुक्त झालेल्या माणसाच्या कागदावर तो असणे शक्यच नव्हते, आणि तरीही तो सन्मान त्याचा आहे. कायदा किंवा आदेश मागाहून येतो आणि कागद आधीचाच राहतो, हे नोंदी अपुऱ्या राहण्याचे एक मोठे कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज मिळवलेल्या सैनिकांना ब्राँझ स्टार (फितीवरच्या छोट्या ताऱ्यांहून वेगळे, स्वतंत्र पदक) देण्याचा निर्णय 1947 साली झाला, तोपर्यंत बहुतेक जण घरी पोहोचून शेतीला नाहीतर कारखान्यात कामाला लागले होते. कोरियन सरकारने 1950 च्या दशकात देऊ केलेले युद्धसेवा पदक स्वीकारायला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1999 साल उजाडू दिले. आणि 28 जुलै 1954 नंतर कोरियात तैनात राहिलेल्यांसाठीचे कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल तर 2002 च्या कायद्याने आले. तोवर कोरियात राहून परतलेल्या कोणाच्याही डीडी-214 वर ते सापडणार नाही.

तिसरे, गुड कंडक्ट मेडल, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचे पदक. ते सामान्यतः तीन वर्षांच्या सेवेनंतर मिळते, पण 27 जून 1950 नंतरच्या पहिल्या सेवाकाळात एक वर्षाहून अधिक आणि तीन वर्षांहून कमी सेवा करून सन्मानाने मुक्त झालेल्यालाही देता येते. दोन वर्षांसाठी भरती झालेल्या मुलांचे हे पदक फार मोठ्या प्रमाणावर राहून गेलेले दिसते. त्यासाठी वर्तणूक आणि कार्यक्षमता यांचे शेरे सातत्याने उत्तम असावे लागतात आणि कमांडरने अपात्र ठरवल्याची नोंद नसावी लागते. हे शेरे डीडी-214 वर नसतात. ते डीए फॉर्म 20 नावाच्या जुन्या पत्रकावर असतात आणि म्हणूनच दुरुस्तीचा अर्ज करण्याआधी संपूर्ण फाइल मागवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

फाइल मागवण्याची सोय हा या सेवेतील सर्वांत चांगला भाग आहे. स्टँडर्ड फॉर्म 180 भरून टपालाने किंवा फॅक्सने पाठवता येतो, किंवा संगणकावरून ओळख पटवून अर्ज करता येतो. माजी सैनिकाला स्वतःला, आणि तो हयात नसल्यास त्याच्या जवळच्या नातलगाला, शुल्क पडत नाही. जवळचे नातलग म्हणजे पुनर्विवाह न केलेली विधवा किंवा विधुर, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ आणि बहीण. या यादीत जावई नाही. लग्नात ज्याचे पाय धुतले जातात अशा संस्कृतीतून आलेल्या माणसाला हे थोडे खटकले खरे, पण नियम स्पष्ट आहे. सुदैवाने सासरे हयात असल्याने सही त्यांचीच लागणार होती आणि माझ्याकडे फक्त कागद जुळवण्याचे काम होते. सेवामुक्तीला 62 वर्षे झाली की फाइल अभिलेखीय ठरते आणि ती कोणीही शुल्क भरून मागवू शकतो. पाच पानांपर्यंतच्या फायलीला 25 डॉलर आणि त्याहून मोठ्या फायलीला 70 डॉलर असा तो दर आहे. नातवंडांना आजोबांची फाइल हवी असेल तर बहुधा हाच मार्ग उरतो.

सेंट लुइसची गोष्ट निघाली की 1973 च्या आगीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण अनेकांच्या बाबतीत या सेवेची मर्यादा तिथेच सुरू होते. 12 जुलै 1973 रोजी केंद्राच्या तेव्हाच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली नष्ट झाल्या. 1 नोव्हेंबर 1912 ते 1 जानेवारी 1960 या काळात मुक्त झालेल्या लष्करी सैनिकांच्या सुमारे 80 टक्के फायली गेल्या. हवाई दलात 25 सप्टेंबर 1947 ते 1 जानेवारी 1964 या काळात मुक्त झालेल्यांपैकी, वर्णानुक्रमे हबर्ड, जेम्स ई. या नावानंतर येणाऱ्यांच्या सुमारे 75 टक्के फायली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्मही नव्हती. पाण्याने कागद खराब होतील या भीतीने इमारतीच्या दफ्तरखान्यात आगीवर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणाच बसवलेली नव्हती, ही त्या प्रकरणातली सर्वांत कडवट विसंगती. शेवटी आग विझवताना लाखो फायली पाण्यानेच भिजल्या आणि त्या वाळवण्यासाठी मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीचा निर्वात कक्ष वापरावा लागला.

आपल्याकडे पायदळातील जवानाची कागदपत्रे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात; मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला. त्या पद्धतीत माणसाला योग्य कार्यालय शोधावे लागते, पण एका आगीत साऱ्या देशाच्या नोंदी जात नाहीत. अमेरिकेने सारे एका छताखाली आणले, त्याची सोयही मोठी आणि किंमतही मोठी.

मात्र जळालेल्या फायलींबाबत केंद्र जे करते त्याला दाद द्यायला हवी. पगाराची अखेरची पावती, तुकडीची रोजची हजेरीपत्रके, लष्करी रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या वैद्यकीय याद्या अशा दुय्यम साधनांतून सेवेची पुनर्रचना केली जाते आणि डीडी-214 च्या जागी चालणारे प्रमाणपत्र दिले जाते. त्यासाठी अर्जदाराला तुकडीचे नाव, तारखा आणि ठिकाणे शक्य तितकी अचूक द्यावी लागतात. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांची कोरियन युद्धाच्या काळातली फाइल अशीच जळालेली निघाली. त्यांच्या घरी जपून ठेवलेल्या मूळ सेवामुक्तीपत्राची साधी छायाप्रत अर्जासोबत जोडली आणि बराचसा प्रश्न तिथेच सुटला. घरातले जुने कागद फेकू नयेत याला याहून चांगले कारण मला सुचत नाही. करोनाच्या काळात केंद्र जवळजवळ बंद राहिल्याने प्रलंबित अर्जांचा आकडा मार्च 2022 मध्ये सहा लाखांवर गेला होता. तो ढीग 2024 च्या सुरुवातीपर्यंत उपसला गेला. आज अर्ज करणाऱ्याने त्या काळातल्या तक्रारी वाचून हात आखडता घेण्याचे कारण नाही.

सासऱ्यांची फाइल आली तेव्हा चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. डीए फॉर्म 20 वर वर्तणुकीचे सारे शेरे उत्तम होते, अपात्रतेची नोंद नव्हती, तैनातीच्या तारखा स्वच्छ होत्या. जखमांसाठीचा 40 क्रमांकाचा रकाना मात्र कोरा होता. म्हणजे तारे, तुकडीचा सन्मान आणि वर्तणुकीचे पदक यांचा पाया पक्का झाला आणि पर्पल हार्टचा, म्हणजे शत्रूच्या कृतीत जखमी झालेल्याला मिळणाऱ्या पदकाचा, प्रश्न वेगळा पडला.

पर्पल हार्ट हे पदक दोन्ही जातींच्या मधले आहे. त्याला शिफारस लागत नाही, ते हक्काने मिळते. पण हक्क सिद्ध करण्यासाठी तीन गोष्टी लागतात. जखम शत्रूच्या कृतीमुळे झालेली असावी, तिच्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपचारांची गरज पडलेली असावी आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद असावी. पाय घसरून पडल्याने झालेली इजा युद्धक्षेत्रात झाली तरी चालत नाही. शेवटची अट बहुतेकांना अडवते, कारण आघाडीवरच्या वैद्यकीय शिपायाने पट्टी बांधून परत पाठवलेल्या मुलांची नोंद अनेकदा झालेलीच नसते. इथे एक बारकावा फार उपयोगी पडतो. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे कागद सैनिकाच्या फायलीत नसतात. ते रुग्णालयाच्या नावाने आणि वर्षाने वेगळे ठेवलेले असतात आणि त्यांची मागणी रुग्णालयाचे नाव, महिना व वर्ष देऊन स्वतंत्रपणे करावी लागते. तसेच 1974 पर्यंत लष्करात प्रत्येक कंपनीचे रोजचे हजेरीपत्रक निघत असे, त्यात कोण हजर, कोण रुग्णालयात, कोण परतले याची नोंद असे. सासऱ्यांना रुग्णालयाचे नाव आठवत होते, तारीख अंदाजाने आठवत होती. हजेरीपत्रकाने तारीख पक्की केली आणि रुग्णालयाच्या कागदावर शत्रूच्या स्फोटकाच्या तुकड्यांनी झालेली जखम असे स्पष्ट शब्दांत निघाले. मेरिलँडमधील कॉलेज पार्क येथे राष्ट्रीय अभिलेखागारात व्हिएतनाममधील तुकड्यांच्या रोजनिशा आणि अहवाल आहेत, त्यांचीही गरज काहींना पडते. आम्हाला पडली नाही.

फोर्ट नॉक्सच्या शाखेबद्दल थोडक्यात लिहितो. सेंट लुइसहून उत्तर समाधानकारक नसेल किंवा अडचण आली तर प्रकरण तिकडे जाते. 1965 ते 1973 या काळातील व्हिएतनाममधल्या पदक-आदेशांची संगणकीय सूची त्यांच्याकडे आहे, त्यामुळे पदक दिल्याचा आदेश निघाला होता पण कागदावर चढला नाही, अशा प्रकरणांत तिथला शोध निर्णायक ठरू शकतो. शौर्यपदकाची शिफारस त्या काळी झालीच नव्हती किंवा वाटेत हरवली, आणि मुदत उलटून गेली आहे, अशा वेळी कायद्याने एक वेगळी वाट ठेवली आहे: अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्यामार्फत ती शिफारस विचारासाठी पाठवता येते. त्यासाठी सदस्याच्या कार्यालयाला माजी सैनिकाची लेखी संमती लागते आणि प्रत्यक्षदर्शींची निवेदने जमवावी लागतात. पन्नास वर्षांनी प्रत्यक्षदर्शी शोधणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता मंडळ. 1946 पर्यंत एखाद्या सैनिकाची नोंद दुरुस्त करायची तर काँग्रेसमध्ये त्या एका माणसापुरते विधेयक मांडावे लागे, आणि अशा खासगी विधेयकांनी सभागृह गांजून गेल्यावर त्या वर्षीच्या कायद्याने हे काम खात्यांतर्गत नागरी मंडळांकडे सोपवले. निर्णय घेणारे सदस्य गणवेशातले नसतात, ते खात्यातील नागरी कर्मचारी असतात, आणि किमान तिघांचे पथक प्रत्येक प्रकरण पाहते. अर्ज डीडी-149 या छोट्या नमुन्यावर करायचा. शुल्क नाही, वकील लागत नाही. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते आणि जुन्या युद्धांतील पदकांच्या प्रकरणांत ती माफ झाल्याचे अनेक निर्णयांत दिसते. नव्वद टक्के प्रकरणे दहा महिन्यांत आणि सर्व प्रकरणे अठरा महिन्यांत निकाली काढावीत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसासाठी अठरा महिने हा लहान काळ नाही, आणि या सेवेविरुद्ध माझा मुख्य आक्षेप असलाच तर तो या कायद्याने आखून दिलेल्या वेळेबद्दल आहे.

मंडळासमोर जाताना एक गोष्ट मनात पक्की असावी. सरकारी नोंद बरोबर आहे असे गृहीत धरून मंडळ सुरुवात करते, आणि ती चूक आहे हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. पुराव्याचे पारडे त्याच्या बाजूला थोडे जरी झुकले तरी पुरे, पण झुकवायचे त्यानेच. प्रत्यक्ष सुनावणी सहसा होत नाही. जे काही सांगायचे ते कागदावर. त्यामुळे भावनेने ओथंबलेली लांब पत्रे तिथे उपयोगी पडत नाहीत. मंडळाचे जुने निर्णय नावे गाळून लोकांसाठी खुले ठेवलेले आहेत आणि अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्यासारखी काही प्रकरणे वाचून काढावीत. ती भाषा कोरडी असली तरी कोणता पुरावा चालला आणि कोणता अपुरा ठरला, हे त्यात इतके नेमके लिहिलेले असते की कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा ते मला अधिक उपयुक्त वाटले. त्या निर्णयांतून आणखी एक गोष्ट कळते: तारे, तुकडीचे सन्मान यांसारख्या नियमाने मिळणाऱ्या गोष्टींना मंडळाच्या मतदानाची गरजच नसते, त्या प्रशासकीय दुरुस्ती म्हणून होतात. केवळ एवढ्यासाठी मंडळाकडे जाणाऱ्याने विनाकारण लांबची रांग धरलेली असते.

सासऱ्यांचा अर्ज अंशतः मान्य झाला. पर्पल हार्ट आणि वर्तणुकीचे पदक मंजूर झाले, चार तारे आणि तुकडीचा गॅलंट्री क्रॉस प्रशासकीय दुरुस्तीने आले. आपल्या लेफ्टनंटने ब्राँझ स्टारसाठी नाव पाठवले होते असे त्यांना ठामपणे आठवते, पण शिफारशीचा कागद कुठेच निघाला नाही आणि ती मागणी फेटाळली गेली. काँग्रेस सदस्यामार्फत जाण्याचा मार्ग खुला असल्याचे निर्णयात नमूद होते. सासरे त्यावर नाराज होते. मला तो निर्णय योग्यच वाटला. न मिळवलेल्या पदकांचा दावा करणारी माणसे त्या देशात इतकी निघाली की त्यासाठी 2006 साली कायदा करावा लागला, सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला आणि 2013 साली अधिक मर्यादित कायदा आणावा लागला. अशा ठिकाणी केवळ आठवणीवर शौर्यपदक दिले जाऊ नये, यातच त्या पदकाचे मोल राहते. नवा पुरावा मिळाला तर मंडळाकडे पुन्हा जाता येते, हेही लक्षात ठेवावे.

पैशाबद्दल एक इशारा. आम्ही सुरुवातीला एका खासगी कंपनीकडे चौकशी केली होती. फाइल लवकर मिळवून देण्याचे आणि पदके मंजूर करून देण्याचे आश्वासन देऊन त्यांनी मागितलेली रक्कम ऐकून आम्ही परत फिरलो. त्या शुल्कात ते जे करणार होते ते म्हणजे हाच विनाशुल्क अर्ज भरून पाठवणे. अभिलेखागारात बसून हजेरीपत्रके शोधून देणारे प्रामाणिक संशोधकही आहेत आणि त्यांच्या श्रमाचे पैसे देणे गैर नाही, पण मंजुरीची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. अर्ज लिहिण्यात मदत हवी असेल तर अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स यांसारख्या संघटना आणि काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाचे, माजी सैनिक सेवा अधिकारी ती मोफत करतात. आमच्या काउंटीतील अधिकारी बाईंनी पुराव्यांचा क्रम लावून दिला आणि अर्जातला निम्मा मजकूर खोडायला लावला. तो सल्ला नसता तर आमचा अर्ज एखाद्या कैफियतीसारखा झाला असता.

हा सारा खटाटोप केवळ मानासाठी आहे असे समजू नये. पर्पल हार्ट मिळालेल्याला माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत वरचा प्राधान्यगट मिळतो, आणि सरकारतर्फे मिळणाऱ्या थडग्याच्या शिळेवर शौर्यपदके व पर्पल हार्ट कोरून घेता येतात, मात्र त्यासाठी ती कागदावर असावी लागतात. सासऱ्यांच्या मनात यांपैकी नेमके काय होते ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पाचपैकी गुण द्यायचेच तर नियमाने मिळणाऱ्या पदकांसाठी मी या व्यवस्थेला साडेचार देईन, पर्पल हार्टसाठी साडेतीन, आणि शिफारशीचा कागद हरवलेल्या शौर्यपदकासाठी दोनच. शेवटच्या बाबतीत दोष माणसांचा कमी आणि पन्नास वर्षांच्या अंतराचा जास्त आहे, तरी अर्ज करणाऱ्याच्या पदरी काय पडते हे पाहूनच गुण द्यायचे असतात.

मंजुरीनंतरच्या काही गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही. मूळ डीडी-214 बदलून मिळत नाही. डीडी-215 नावाचे दुरुस्तीपत्र येते आणि दोन्ही कागद कायम एकत्र ठेवावे लागतात. पदके स्वतंत्र पाकिटातून येतात. व्हिएतनाम मोहीम पदक परकीय सरकारचे असल्याने ते अमेरिकन सरकार देत नाही, कागदावर नाव असले तरी पदक दुकानातून विकत घ्यावे लागते. माजी सैनिकांच्या खात्याला दुरुस्तीची बातमी आपोआप कळेल या भरवशावर राहू नये. डीडी-215 ची प्रत त्यांच्याकडे आपणच पाठवावी. काउंटीच्या दफ्तरात हे कागद नोंदवून ठेवण्याची जुनी प्रथा आहे, पण त्यांवर सामाजिक सुरक्षा क्रमांक असतो आणि काही ठिकाणी असे दफ्तर सर्वांना पाहता येते, म्हणून नोंदवण्याआधी आपल्या राज्यात त्यावर निर्बंध आहेत का, हे तिथल्या कार्यालयात विचारून घ्यावे.